जाऊबाईंनी यंदा उचल घेऊ नये म्हणून काय काय जुळवता येईल?

कळंबची सीआरपी | १३ सप्टेंबर २०२४

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात उमेद अभियानाची सीआरपी आहे, म्हणजे बचतगटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती. चौदा गट माझ्याकडं आहेत. प्रश्न गटातल्या बऱ्याच बायकांचा आहे, पण आधी तो माझ्या स्वतःच्या घरातला आहे.

काल महालक्ष्म्या गेल्या आणि आज सकाळी ऊसतोडीचा मुकादम दारात. माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या भावासोबत अर्धा कोयता, म्हणजे तोडीच्या जोडीतलं एक माणूस, म्हणून न्यायचंय. पन्नास हजार उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, द्यायला तयार आहे. थोरल्या दिरांना जाऊन दोन वर्षं झाली. लिव्हरचं दुखणं होतं. कर्ता माणूस गेल्यावर मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार मिळाले, ते दवाखान्याच्या उधारीत गेले. मुलगी अकरावीला, मुलगा आठवीला. मुलीची फी, खोलीभाडं आणि गाडीभाडं मिळून ऑक्टोबरात अठरा हजार भरायचेत. जाऊबाई म्हणतात, "जाते एक साल, भागतं." एक साल म्हणून गेलेली माणसं मी दहा-दहा वर्षं जाताना पाहिलीत. मुलगी मागं एकटी राहणार आणि मुलगा फडावर जाणार हे मला दिसतंय.

त्यांच्याकडं आज काय आहे ते लिहिते. संजय गांधी निराधार योजनेचा पगार महिन्याला दीड हजार. प्राधान्य कुटुंबाचं राशनकार्ड, तिघांचं पंधरा किलो धान्य. रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे, पण त्यावर अजून दिरांचाच फोटो आहे. कसायला एक एकर, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. गेल्या साली पावसानं ओढ दिली, त्यात साडेतीन क्विंटल सोयाबीन झालं. यंदा पीक उभं आहे, पण पोळ्याच्या पावसात निम्म्या रानात पाणी साचलं. हमीभाव ४,८९२ जाहीर झालाय आणि व्यापारी चार हजारांच्या आसपास बोलतोय. गटात बचत ६,२०० रुपये.

म्हणजे योजना नाहीत असं नाही. पण पगार भाजीपाल्यात जातो, धान्य पोटात जातं, हमीचं काम मिळालं तर त्याचे पैसे किराणा उधारीत जातात. या सगळ्यातून दुसरा धंदा उभा राहील असं कुणी केलंय का? आधी काय करायचं, मग काय? शेळ्या घेतल्या आणि चार पैसे दिसायला लागले तर निराधारचा पगार बंद होईल अशी जाऊबाईंना फार भीती आहे. त्यापायी दोन वर्षं त्यांनी गटातून कर्जसुद्धा घेतलं नाही. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. प्रशिक्षणाची माहितीपत्रकं माझ्याकडं ढीगभर आहेत.

---

बालाघाटची शेळीवाली | १३ सप्टेंबर, रात्री

ताई, मी बीड जिल्ह्यातली. २००९ पासून अकरा हंगाम कोयता केला, शेवटचा २०१९-२० चा. त्यानंतर नाही. म्हणून लिहिते. मोठं होईल, पण वाचा.

आमच्या डोक्यावर पहिला धोंडा होता तो उचलीचा. त्या शेवटच्या साली कोरोनात पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, आम्ही एप्रिलमध्ये घरी आलो, तेव्हा तेवीस हजार फिटायचे राहिले होते. माझं दुखणं, मालकाचा हात कापला होता, खाडे लई झाले होते. तेवीस हजार राहिले म्हणजे पुढच्या दसऱ्याला जायचंच, त्यात विचारायचं काही राहत नाही. गटात आमच्या सगळ्याजणी म्हणल्या शेळ्या घे, मशीन घे. आमच्या अध्यक्षबाई म्हणल्या, आधी मुकादम मोकळा कर. गटानं मला तेवीस हजार दिले, महिना शेकडा एक रुपयानं. मुकादमाच्या हातावर टेकवले आणि सरपंचासमोर कागद लिहून घेतला. दावणीला काही आलं नव्हतं, घरात काही आलं नव्हतं, पण त्या रात्री मी झोपले. तुमच्या जाऊबाईंनी अजून उचल घेतली नाही ना? मग त्या माझ्यापेक्षा एक पायरी वर आहेत. अठरा हजार गटातून द्या. पन्नास हजार घेऊन अठरा भरले तरी फिटायला पन्नासच लागतात.

दुसरं, त्या साली आम्हाला धान्यानं तारलं. आम्ही घरात पाच माणसं. कंट्रोलचं पंचवीस किलो आणि मोदी सरकारचं कोरोनातलं फुकट पंचवीस किलो, असं महिन्याला पन्नास किलो धान्य, मधले काही महिने सोडले तर, २०२२ च्या डिसेंबरपर्यंत येत राहिलं. मे-जूनमध्ये हमीवर बांधबंदिस्तीचं काम निघालं. दोघांचे मिळून ६२ दिवस भरले, २३८ रुपये रोज. जवळजवळ पावणेपंधरा हजार. आतापर्यंत हमीचे पैसे आले की दुकानदाराकडं जायचे. त्या साली घरात धान्य होतं म्हणून ते पैसे राहिले. राहिलेल्या पैशाच्या मी ऑगस्टात दोन गाभण शेळ्या घेतल्या, शेजारच्या गावातून, पाहिलेल्या घरच्या, काळ्या उस्मानाबादी. दिवाळीआधी दोन्ही व्याल्या, दोघींना जुळी.

आता जे चुकलं ते. दोन शेळ्या चांगल्या चालल्या म्हणून २०२१ मध्ये गटाला बँकेचं कर्ज आलं तेव्हा मी पन्नास हजार उचलले आणि बाजारातून एकदम पाच शेळ्या आणल्या. टेम्पोतून उतरवल्या त्या थेट आपल्या शेळ्यांत सोडल्या. आठ दिवसांत नाक गळायला लागलं, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, शेळ्यांचा साथीचा रोग. त्यातल्या तीन गेल्या आणि माझी घरची एक गेली, जुळं देणारी. गावात जनावरांचं औषधपाणी बघणारी पशुसखी नंतर म्हणाली, नवीन जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं आणि लस आधी. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. विमाही उतरवला नव्हता.

कर्जाचा हप्ता काय थांबत नाही. मालक म्हणले आता उचल घेऊ. मी म्हणले उरलेल्या शेळ्या कुणाकडं सोडायच्या? म्हाताऱ्या सासूबाईंना डोंगर चढवंना. शेवटी मालक एकटे लातूरकडं गुऱ्हाळावर गेले, रोजावर, उचल न घेता, चार महिने. मी घरी राहिले. सकाळी हमीचं काम, दुपारून शेळ्या. तीन-चार महिने नुसतं राशनचं धान्य आणि तिखट-मीठ. शेळ्या विकल्या नाहीत. कितीदा तरी दारात व्यापारी उभा राहिला, पण विकल्या नाहीत. ताई, शेळी मरती त्याच्यापेक्षा जास्त शेळ्या घरच्या नडीला विकून जातात. आमच्या गावात माझ्यासोबत नऊ बायकांनी घेतल्या होत्या. रोगानं दोघींच्या गेल्या. पाच जणींनी पहिल्या आठ महिन्यांत विकल्या. कुणाचं लेकरू आजारी, कुणाचं बी-बियाणं, कुणाची दिवाळी. शेळीला गाभण राहून व्यायला पाच महिने लागतात, पिलू विकायला आणखी आठ-नऊ. एवढे दिवस घर कशावर चालवायचं ते आधी ठरवा आणि मग शेळी आणा.

गोठा मी २०२२ मध्ये हमी योजनेतूनच बांधला. दहा शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये होते. मजुरीचे पैसे लवकर आले, कुशलचं, म्हणजे सामानाचं आणि गवंड्याचं, बिल आठ महिन्यांनी आलं. तोवर पत्रा आणि सिमेंट उधारीवर. दुकानदार ओळखीचा होता म्हणून निभावलं. जाऊबाईंकडं तसा दुकानदार नसंल तर पहिल्या साली गोठ्याच्या मागं लागू नका. मेढी रोवा, वर पाचट टाका, चालतं.

आज लहानमोठ्या चौदा आहेत. गेल्या साली सहा बोकड विकले, ५१ हजार आले. बकरी ईदच्या आधी वजनावर विकायचे. व्यापारी नगावर मागतो, द्यायचे नाहीत. काटा आपला ठेवायचा. गटाचा एक घेऊन ठेवा.

---

निवृत्त अव्वल कारकून | १४ सप्टेंबर

वरच्या ताईंनी जे लिहिलं त्याला माझा नमस्कार. मी कागदाचं तेवढं सांगतो. बत्तीस वर्षं महसुलात काढली, त्यातली बरीच संजय गांधी योजनेच्या टेबलावर.

आधी पगार बंद होण्याची भीती. ती खोटी नाही. योजनेत यायला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. आता हिशेब करा. २०२४-२५ चा रोजगार हमीचा दर २९७ रुपये. जाऊबाईंनी कायद्यानं मिळणारे शंभर दिवस पुरते काम केलं तर २९,७०० होतात. म्हणजे एक सरकारी हक्क पुरा वापरला की दुसऱ्या सरकारी हक्काची मर्यादा ओलांडली जाते. विधवा बाईनं काम करावं असंही म्हणायचं आणि केलं तर पगार काढायचा, हे मला टेबलावर बसूनही कधी पटलं नाही. मी असताना वर लिहिलंही होतं. ही मर्यादा वाढली पाहिजे, आणि तसा ठराव तुमच्या गटांच्या प्रभागसंघानं करून आमदारांकडं आणि तालुक्याच्या निराधार समितीकडं द्यावा. चौदा गटांच्या सह्या असल्या की कागद वाचला जातो.

तोवर काय? जाऊबाईंचं नाव जुन्या दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का ते पाहा. कुटुंब लाभचे वीस हजार मिळालेत म्हणजे बहुधा आहे, कारण ती योजना त्याच यादीवर चालते. यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यावर पात्रता अडत नाही आणि त्यांची निम्मी भीती आजच गेली. मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत हा पगार चालतो. दरवर्षीचा हयातीचा दाखला आणि बँकखात्याला आधार, या दोन गोष्टींत चूक होऊ देऊ नका. मी पाहिलेले बहुतेक बंद पडलेले पगार शेळ्यांमुळे नाही, या दोन गोष्टींमुळे बंद पडले होते. काहीही लपवायला मी सांगणार नाही. गटाच्या वहीत खरा जमाखर्च ठेवा, चौकशी आली तर तीच वही कामाला येते.

सध्या गावोगाव आणखी एक गोंधळ आहे. लाडकी बहीण योजनेसाठी निराधार सोडू का, असं बायका विचारतात. सोडू नका. ज्यांना दुसऱ्या योजनेतून दीड हजार मिळतात त्यांना त्यात पात्र धरत नाहीत, आणि निराधारचं प्रकरण एकदा बंद झालं की पुन्हा मंजुरीला फार चपला झिजतात.

हमीच्या कामाचं. तोंडी मागणी मागणी नसते. नमुना ४ भरायचा आणि तारखेची पावती घ्यायची. ग्रामरोजगार सेवक नाही म्हणाला तर ग्रामसेवकाकडं, तिथं नाही तर पंचायत समितीत. पावतीपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो, पहिले तीस दिवस मजुरीच्या चौथा हिस्सा. माझ्या अनुभवात भत्ता द्यावा लागेल म्हटलं की काम सापडतं. पावसाळ्यात मातीकाम कमी असतं, पण फळबाग, वृक्षलागवड, घरकुल, गोठे चालू असतात. एकटीनं अर्ज देऊ नका, दहा-बारा जणींनी एकत्र द्या. शंभर दिवसांच्या पुढं आपल्या राज्यात राज्य सरकार पैसे देतं, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं. ही योजना मुळात महाराष्ट्राचीच. ७२ च्या दुष्काळात आमच्या आईनं खडी फोडली, तेव्हा ती राज्यभर झाली. दिल्लीचा कायदा आला २००५ साली. जॉबकार्डावरचा फोटो या आठवड्यात बदलून घ्या.

शेवटचं, आणि ताई, हे जरा घरातलं आहे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे तोवर जाऊबाईंना स्वतःच्या नावानं विहीर नाही, फळबाग नाही, पीककर्ज नाही. सासरे हयात आहेत आणि तयार असतील तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटणी होते. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, सिंचन विहिरीला नेमकी तेवढीच जमीन सलग लागते. स्त्री कर्ती असलेल्या कुटुंबाला प्राधान्य आहे. किसान सन्मानचे पैसे मात्र मिळणार नाहीत, १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाशिवाय नावावर आलेल्या जमिनीला ते नाहीत. या वाटणीला तुमच्या मालकांची संमती लागेल. म्हणजे किल्ली तुमच्याच घरात आहे.

---

कळंबची सीआरपी | १४ सप्टेंबर

काका, शेवटचं वाचून फोन खाली ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. बायकांना मी प्रत्येक बैठकीत नावावर जमीन हवी म्हणून सांगते. माझ्या घरातली वाटणी मी दोन वर्षांत एकदाही काढली नाही. आज रात्री काढते.

---

लातूरचा, बिहारहून परतलेला | १५ सप्टेंबर

मी दोन वर्षं बिहारमध्ये जीविकासोबत काम केलं, आपल्याकडं जशी उमेद तशी तिकडं जीविका. २०१६ मध्ये तिथं दारूबंदी झाली. ताडी आणि गावठी दारूवर जगणारी गरीब घरं उघड्यावर पडली, त्यांच्यासाठी २०१८ मध्ये 'सतत जीविकोपार्जन योजना' सुरू झाली. मूळ पद्धत बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेची, २००२ ची. शेळीवाल्या ताईंनी जे भोगून शिकलं तेच तिथं योजनेत लिहिलेलं आहे.

तिथं कुटुंबाला धंद्याचं सामान ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या गटांचा संघ, खरेदी करून देतो, शेळी किंवा दुकानाचा माल. सामान आलं की पहिले सात महिने वर हजार रुपये महिना वेगळे मिळतात, धंद्यातून काढून खाऊ नये म्हणून. त्यासोबत एक कार्यकर्ता नेमानं घरी येतो, हिशेब लिहितो, धीर देतो. या पद्धतीची सहा देशांत तपासणी झाली, आपला पश्चिम बंगालही त्यात होता. २०१५ मध्ये निकाल आले. मदत थांबल्यावर वर्षानंतरही बहुतेक ठिकाणी घरं सावरलेली होती. होंडुरासमध्ये मात्र वाटलेल्या कोंबड्या रोगानं मेल्या आणि तिथं फायदा टिकला नाही. ताईंच्या टेम्पोतल्या शेळ्या वाचताना मला तेच आठवलं.

आपल्याकडं हे एका योजनेत नाही, पण तुकडे सगळे आहेत. ते हजार रुपये म्हणजे तुमच्या जाऊबाईंचा निराधारचा पगार. सामान म्हणजे गटांना उमेदकडून मिळणारा समुदाय गुंतवणूक निधी. आणि नेमानं घरी येणारं माणूस म्हणजे तुम्ही. चौदा गट सांभाळून हे जमणं अवघड आहे हे मला माहीत आहे. पण मी पाहिलेल्या घरांत, दर आठवड्याला कुणी तरी "कसं चाललंय" विचारायला येतं यानं जेवढा फरक पडला तेवढा पैशानंही पडला नाही. एका आजींनी मला सांगितलं होतं की त्यांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, मत मागायला सोडून कुणी पहिल्यांदाच आलं.

---

परांड्याचा | १५ सप्टेंबर

सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट कुणी बोलेना म्हणून लिहितो. सोयाबीन पावसावर. मजुरी पावसावर, कारण रानात पीक नसलं की कुणी कामाला बोलावत नाही. शेळीचा चारा पावसावर. मग तीन धंदे केले असं वहीत दिसतं, पण तिन्ही एकाच दिवशी बसतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या भागात शेळ्या मातीमोल गेल्या. छावणीत गाई-म्हशी घ्यायचे, शेळीला तिथं दावण नव्हती. सगळ्यांनी एकदम विकायला काढल्या, मग भाव कोण देणार?

तुती-रेशीमाचं कुणी सांगेल. धंदा चांगला आहे, जालन्याला २०१८ पासून कोषाची बाजारपेठ आहे, हमी योजनेतून लागवडीला तीन वर्षं मजुरीही मिळते. माझा स्वतःचा दीड एकर तुती आहे. पण पाणी पाहिजे. विहीर झाल्याशिवाय एकरभर कोरडवाहूत जाऊबाईंना तुती लावायला लावू नका, कितीही अभियानं येऊ द्या.

एक तरी काम असं शोधा की जे पाऊस नसला तरी चालेल.

---

बालाघाटची शेळीवाली | १५ सप्टेंबर

दादा, तुमचं खरं आहे. मी ते पहिल्यांदा लिहायला पाहिजे होतं. गेल्या साली पाऊस नव्हता तेव्हा मला शेळ्यांनी नाही, गिरणीनं धरलं. २०२३ च्या उन्हाळ्यात ग्रामसंघाच्या निधीतून ३५ हजार घेऊन जुनी तीन हॉर्सपॉवरची पिठाची गिरणी घेतली. गावातली गिरणी बंद पडली होती, बाया दळण डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर जायच्या. पाच रुपये किलो दळते. दुष्काळ असो नाहीतर काही, कंट्रोलचा गहू वाटला की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात डब्यांची रांग लागती. लाइटचं बिल जाऊन दीडशे-दोनशे रोज पडतात, महिन्याच्या त्या आठ-दहा दिवसांत जास्त. पाऊस गेला पण राशन काही गेलं नाही, म्हणून गिरणी चालली.

त्याच्यावरून सांगते. आपल्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधी धान्य मिळायचं, दोन रुपये गहू, तीन रुपये तांदूळ. मागच्या साली ते बंद करून खात्यावर माणशी दीडशे रुपये टाकायला लागले, आता एकशे सत्तर झाले. आमच्या भावकीत ती कार्डं आहेत. धान्य घरात यायचं ते बाईच्या हातात यायचं. पैसे खात्यावर येतात ते कुणाच्या हातात जातात ते विचारा. जाऊबाईंचं कार्ड प्राधान्याचं आहे, त्यांना धान्य मिळतंय, तेच बरं आहे.

जाऊबाईंच्या हातात काय कला आहे? गावात काय बंद पडलंय, कशासाठी बाया लांब जातात, ते आधी बघा. गिरणीच पाहिजे असं नाही.

---

कळंबची सीआरपी | १९ सप्टेंबर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला.

वाटणीचं बोलले. मालक पहिल्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच विषय काढला, म्हणाले माझे डोळे उघडे आहेत तोवर तिचं तिला देऊन टाका. त्यांना श्रावणबाळचे दीड हजार मिळतात, मोजणीचा आणि स्टॅम्पचा खर्च त्यातून करा म्हणाले. मालकांची अट एवढीच की बांधावरचं आंब्याचं झाड सामाईक राहावं. राहू दे. सोमवारी तलाठ्याकडं जातोय.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे. सासऱ्यांच्या जुन्या पेटीत दिरांच्या नावाचा दाखला सापडला. काका, तो कागद वाचून दाखवला तेव्हा जाऊबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "मग गटातून मागू का?"

गटानं वीस हजार मंजूर केले. अठरा फीचे. उरलेले दोन हजार मी त्यांना खर्चू देणार नव्हते, पण त्यांनी स्वतःच सांगितलं की ते शेळीसाठी वहीत राहू द्या. शेळी आत्ता नाही. सोयाबीन निघालं की त्यातून आणि हमीच्या पैशातून एक किंवा दोन, तीही आमच्याच गटातल्या एकीच्या घरची, पाहिलेली. पशुसखीला आजच सांगून ठेवलंय.

पावसावर नसलेल्या कामाचं. मी दोन दिवस नुसती विचारत फिरले, बाया कशासाठी गावाबाहेर जातात. ब्लाउज शिवायला, फॉल-पिको करायला आणि उन्हाळ्यात शेवया करायला. गावात फॉल-पिकोची मशीन एकही नाही. जाऊबाईंना शिवण येतं हे मला घरात राहून ठाऊक नव्हतं. लग्नाआधी माहेरी शिवायच्या म्हणे. इथं आल्यावर मशीनच नव्हती, मग कोण विचारणार? ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत मशीनचा विषय ठेवलाय. मंजूर होईल की नाही ते बघू, आमच्या ग्रामसंघात निधी कमी आणि मागणाऱ्या जास्त आहेत.

परांड्याच्या दादा, तुमच्यामुळं मी चौदाही गटांच्या वह्या काढून बसले. एकशे चाळीसच्या वर बायका आहेत, आणि "दुसरा व्यवसाय" या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी शेळी लिहिलेली आहे. तो रकाना मीच भरलेला आहे.

आज सकाळी आम्ही तेरा जणी ग्रामपंचायतीत गेलो. नमुना ४ भरला. आधी "फॉर्म संपलेत" असं उत्तर मिळालं, मग काकांनी सांगितल्याप्रमाणं पंचायत समितीचं नाव काढलं, तेव्हा फॉर्म निघाले. तेरा पावत्या, तेरांवर आजची तारीख. जाऊबाईंनी त्यांची पावती राशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी पुन्हा कोनाड्यात, देवामागं.

मुकादम परवा पुन्हा येऊन गेला. जाऊबाईंनी चहा दिला आणि भावाला सांगा दुसरं माणूस बघा म्हणाल्या. त्याचा आकडा साठ हजारांवर गेला. त्या आत निघून गेल्या.

पावतीचे पंधरा दिवस ४ ऑक्टोबरला संपतात. काका, तोवर काम निघालं नाही तर भत्त्याचा अर्ज कुणाच्या नावानं करायचा आणि त्याला कोणते कागद लागतात, तेवढं लिहून ठेवा.